पहिली रायफल: स्प्रिंगची घ्यावी की हवा भरायची?

गेल्या महिन्यात डबा खाताना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "पंचवीस हजारांत घरी सरावाला रायफल बसेल का? आणि सुटे भाग आणून घरीच जुळवली तर अजून स्वस्त पडेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. नाही, आणि तो विचार डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत लोक नळी एका दुकानातून, दस्ता दुसरीकडून आणून टेबलावर रायफल जुळवतात. ते व्हिडिओ बघून आपल्यालाही हुरूप येतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. काटकसरीचा हा मार्ग फार महाग आहे.

पहिल्या प्रश्नाला मात्र बरंच उत्तर आहे. परवाना न काढता आपल्याला घेता येते ती एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून मर्यादा ठरलेली आहे: नळी ४.५ मिलिमीटरची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत 'वन सेव्हन सेव्हन', आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या आत. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्यायचा. जो मागत नाही त्याच्याकडून घेऊ नका. घरात चोर आला तर उपयोगी पडेल म्हणून कुणी घेत असेल, तर त्याने दाराला चांगलं कुलूप लावावं. ही वस्तू कागदावर भोकं पाडायला आहे.

या मर्यादेत मुख्य दोन जाती आहेत. एक स्प्रिंगची (स्प्रिंगर), जिची नळी बिजागरीवर खाली वाकवून, म्हणजे दुकानी भाषेत 'मोडून', स्प्रिंगला ताण द्यायचा. दुसरी पीसीपी, जिच्या सिलिंडरमध्ये आधीच दाबून हवा भरलेली असते. मी पहिली घेऊन दोन वर्षं झगडलो, मग दुसरी घेतली, तेव्हा माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. पण स्प्रिंगवालीला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही.

स्प्रिंगरचं मोठं सुख म्हणजे तिला बाकी काही लागत नाही. छर्ऱ्यांची डबी आणि रायफल, बस्स. आपल्याकडच्या बऱ्याच स्प्रिंगर जुन्या जर्मन डायना ३५ च्या धाटणीच्या, साध्या आणि दणकट. दहा ते वीस हजारांत बऱ्यापैकी मिळते. वॉशर आणि स्प्रिंग बदलत राहिलं की वर्षानुवर्षं चालते. गावाकडे पंधरा-वीस वर्षांच्या स्प्रिंगर अजून माळ्यावरून काढून चालवलेल्या मी पाहिल्यात.

दुःख आहे ते तिच्या पोटात. ट्रिगर दाबला की दाबलेली स्प्रिंग जड दट्ट्याला पुढे फेकते, त्याच्यापुढची हवा दबते आणि तिच्या जोरावर छर्रा निघतो. म्हणजे छर्रा अजून नळीतच असताना रायफल आधी मागे सरकते आणि दट्ट्या टोकाला पोचताच पुढे हिसका देते. या काही मिलिसेकंदांत रायफल कशावर टेकलीय, हाताने किती घट्ट धरलीय, गाल किती दाबलाय, या सगळ्याने भोकाची जागा बदलते. नेम बरोबर, ट्रिगर बरोबर, तरी भोक दीड सेंटिमीटर डावीकडे! नवशिक्याला कळतच नाही की चूक त्याची की बंदुकीची. मला तर सहा महिने वाटत होतं की डोळ्यांचा नंबर वाढलाय.

तोडगा असा की तिला घट्ट धरायचंच नाही. डाव्या तळव्यावर सैल ठेवायची, उसळायची तशी उसळू द्यायची, फक्त प्रत्येक वेळी जागा तीच. हे जमलं तर स्प्रिंगर फार चांगली गुरू आहे. शॉटनंतर हलायचं नाही, नेम धरून राहायचं, ही सवय ती छडी मारून लावते. मात्र छर्रा न घालता तिचा ट्रिगर कधी दाबू नका. समोर अडवणारी हवा नसली की दट्ट्या थेट धातूवर आपटतो. आणि छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. ताण दिलेली नळी सुटून वर आली तर बोट चिरडतं.

पीसीपीत सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा असते. ट्रिगर दाबला की छोटा हातोडा झडपेला टिचकी मारतो, मोजकी हवा सुटते, छर्रा जातो. जड दट्ट्या नाही, त्यामुळे धक्का जवळपास नाहीच. भोक जिथे पडलं तिथे तुम्हीच नेम धरला होता, सबब सांगायला जागा नाही. शिकण्याच्या दृष्टीने मला याहून मोठा फरक दुसरा वाटत नाही. भारतात प्रेसिहोलसारखे उत्पादक आता बऱ्या पीसीपी बनवतात, आणि सुरुवातीच्या मॉडेलसाठी साधारण चाळीस हजारांपासून पुढे तयारी ठेवावी.

पण हवा कुठून आणणार? किंमत विचारताना लोक हा प्रश्न विसरतात. हातपंप घेतला तर दहा-बारा हजार आणखी, आणि १५० बारच्या पुढे तो दाबताना जिमची फी वाचते. पंपातून ओल आत जाते, म्हणून मध्ये थांबून पाणी सोडावं लागतं. जवळच्या शूटिंग क्लबमध्ये भरून मिळत असेल तर निम्मी कटकट मिटली. एक ताकीद: ऑक्सिजन कधीच भरायचा नाही, आणि झडपेला साधं तेल लावायचं नाही. दाबाखाली तेल पेटतं. लागलंच तर सिलिकॉन ग्रीस.

घ्यायच्या आधी रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, आहे का विचारा. तो नसेल तर सिलिंडरमधला दाब उतरेल तसा वेग बदलत जातो आणि तिसाव्या शॉटला भोकं सरकू लागतात.

वेगाचंही सांगून टाकतो, कारण दुकानात सगळ्यात मोठ्या अक्षरांत तोच लिहिलेला असतो. "हजार फूट, साहेब!" ऑलिम्पिकमध्ये १० मीटरवर वापरतात त्या दोन-अडीच लाखांच्या पुढच्या मॅच रायफली छर्रा सोडतात सेकंदाला १७०-१७५ मीटरने, म्हणजे पावणेसहाशे फुटांच्या आसपास. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी ही ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आगेमागे होते, कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीही नाही. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकलं ते याच हळू जाणाऱ्या छर्ऱ्यांवर. १० मीटरवरच्या कागदाला जोर नको असतो. तेव्हा पैसे ट्रिगरवर, नेम धरायच्या साइटवर आणि तुमच्या खांद्याला बसणाऱ्या दस्त्यावर घाला. दुकानदाराने "जादा ताकदीची स्प्रिंग टाकून देतो" म्हटलं तर उठून या. २० ज्यूल ओलांडले की तीच रायफल परवान्याच्या कक्षेत जाते आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

साइटचं काय? स्प्रिंगरबरोबर बहुतेक वेळा ओपन साइट येते: मागे खाच, पुढे माशी. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात, त्यामुळे मुलांसाठी ती अगदीच वाया नाही. पीप साइटमध्ये मागच्या बारीक भोकातून पुढच्या कड्यात काळा गोल बसवायचा. पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तर हीच लागते, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटरला दुर्बीण चालत नाही. नुसत्या विरंगुळ्यासाठी दुर्बीण लावायचीच असेल तर जवळच्या अंतराला फोकस होणारी घ्या. स्वस्त दुर्बिणी बहुधा ९० मीटरच्या आसपास जुळवलेल्या असतात, १० मीटरवर डोळा जरा हलला की नेमही हलतो. शिवाय स्प्रिंगरचा उलटा हिसका स्वस्त दुर्बिणीची वाट लावतो. माझी पहिली तिसऱ्या आठवड्यात खुळखुळू लागली होती.

घेणारा बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलीसाठी बघत असेल तर मात्र तुलना तिथेच संपते. स्प्रिंगरची नळी मोडायला जो जोर लागतो तो मुलांना दहा-वीस वेळा कसाबसा जमतो, साठ वेळा नाही. साठ शॉट ही स्पर्धेतली पूर्ण फेरी आहे. हात थरथरायला लागल्यावर सराव कसला?

आता महिन्याचा खर्च, जो दोन्हींना सारखाच आहे. आठवड्यातून चार दिवस साठ-साठ छर्रे मारले तर महिन्याला हजारएक जातात, म्हणजे पाचशेच्या दोन डब्या. चपट्या तोंडाचे घ्या. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण वाचता येतात. टोकदार छर्रे कागद फाडतात. चांगल्या छर्ऱ्यांवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९ किंवा ४.५० असा. दोन-तीन प्रकारच्या डब्या आणा, रायफल टेकवून पाच-पाच मारा आणि ज्याची भोकं एकात एक पडतील तो धरा. स्प्रिंगरच्या बाबतीत हा शोध लांबतो.

तिसरा पर्याय जुनी मॅच रायफल. खेळ सोडलेले किंवा नवी घेतलेले नेमबाज वॉल्थर, फाइनवर्कबाऊ या जर्मन कंपन्यांच्या आपल्या जुन्या रायफली विकतात. नव्या देशी पीसीपीच्या दीडपट-दुप्पट पैशांत कधीकधी अशी रायफल मिळते आणि तिचा ट्रिगर एकदा दाबला की बाकीच्यांना हात लावावासा वाटत नाही. छर्ऱ्याशिवाय ट्रिगरचा सराव करायचीही तिच्यात सोय असते. इथे एकच सापळा आहे, सिलिंडरची तारीख. या कंपन्यांच्या सिलिंडरना साधारण १० वर्षांची मुदत असते, तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते आणि स्पर्धेत ती तपासली जाऊ शकते. मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे नव्याचा खर्च किमतीत मिळवायचा. ओळखीच्या एकाने फोटो पाहून व्यवहार केला, तारखेवर नेमका पट्टा आला होता.

पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफल कशी, असंही विचारतात. ती ५० मीटरची, कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवून देणारी. तिला परवाना लागतो, वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, काडतुसं लागतात आणि रेंज लागते. पहिल्या रायफलच्या यादीत तिचं काम नाही.

घरी मारण्याबद्दल. १० मीटर सलग जागा फ्लॅटमध्ये क्वचित असते. हॉलपासून बेडरूमच्या भिंतीपर्यंत मोजून पाहा, सात-आठ मीटर निघाले तरी खूप. कमी अंतराला लक्ष्य त्या प्रमाणात लहान छापून घ्यायचं. मूळ लक्ष्यावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, यावरून प्रमाण लक्षात येईल. मागे जाड लोखंडी पत्र्याचा तिरका पेटारा हवा, म्हणजे छर्रा खाली आदळून तिथेच पडतो. छर्ऱ्याच्या वाटेत बाजूने एखादं दार उघडत असेल तर ते आतून बंद करूनच. गच्चीवरून किंवा बाल्कनीतून बाहेरच्या दिशेने कधीच नाही. पाखरं, प्राणी यांच्यावर नेम धरणं हा खेळ नव्हे, १९७२ चा वन्यजीव कायदा त्यासाठीच आहे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका. हे मी अजून विसरतो आणि घरून ओरडा खातो.

आवाजाचं म्हणाल तर शेजाऱ्यांना स्प्रिंगरचा धप्प आवाज भिंतीतून जास्त जाणवतो. पीसीपी टाळी वाजवल्यासारखी वाजते.

मग पंचवीस हजारांत काय? नुसता विरंगुळा हवा असेल, फार्महाउसवर रविवारी डबे-बाटल्यांची टोपणं उडवायची असतील, तर पंधरा हजारांची स्प्रिंगर, पेटारा, चार डब्या, आणि उरलेल्यात वर्षाचे छर्रे. मजेत जाईल. पण गुण वाढवायची हौस असेल तर पंचवीस हजारांत रायफल घेऊच नका. त्या पैशांत तीन-चार महिने क्लबात जा. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, आणि कोल्हापूरकरांना तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या गावात रेंज सांगायची गरज नाही. क्लबची रायफल वापरली की आपल्याला दस्ता लांब लागतो की आखूड, डावा डोळा उघडा ठेवता येतो की नाही, मुळात तासभर उभं राहायला आवडतं की नाही, हे कळतं. यातलं काही दुकानात कळत नाही. तोवर पैसे साठतात आणि चाळीस-पन्नासची पीसीपी आवाक्यात येते.

सहकाऱ्याला मी हेच सांगितलं. तो थोडा हिरमुसला, दुकानात जाऊन हजार फुटांची एक हातात धरूनही आला. मग मुलीचं नाव क्लबात घातलं आणि तिच्यामागे स्वतःचंही. परवा त्याचा व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला, जुन्या वॉल्थरच्या सिलिंडरचा, आकडे वाचता येतील इतका जवळून काढलेला. खाली एवढंच लिहिलं होतं, "अजून चार वर्षं आहेत. घेऊ?"