छापील आणि ऑनलाइन वाचक एकत्र मोजणारं सॉफ्टवेअर : काही महिने वापरल्यानंतर

लायसन्स नूतनीकरणाचं बिल आलंय आणि माझं घोडं एकाच रकान्यापाशी अडलंय. रकान्याचं नाव ‘दोन्हीकडचे वाचक’. छापील अंकही वाचतात आणि त्याच वर्तमानपत्राची वेबसाइट किंवा अ‍ॅपही उघडतात अशी माणसं किती, ते त्यात दिसतं. बाकी स्क्रीनबद्दल फार लिहीत नाही. मीडिया प्लॅनिंग, म्हणजे जाहिरात कुठे द्यायची ते ठरवणं, करणाऱ्यांना टार्गेट (ज्या लोकांपर्यंत पोचायचंय तो गट) कसं लावायचं आणि नेट रीच (कोणालाही दोनदा न मोजता एकूण किती जणांपर्यंत पोचलो) कुठे बघायचा हे सांगायला नको. वेग चांगला आहे, एक्सेलमध्ये फाइल नीट उतरते, वर्तमानपत्राचं नाव देवनागरीत टाइप केलं तरी सापडतं. फोनवर उघडू नका, आकडे एकमेकांवर चढतात.

एका रकान्यासाठी एवढा त्रागा का, ते आकड्यांतच सांगते. समजा तुमच्या टार्गेटमधले ४० टक्के लोक एक वर्तमानपत्र छापील वाचतात आणि ३० टक्के लोक त्याची वेबसाइट बघतात. जाहिरातदार विचारतो, दोन्हीकडे जाहिरात दिली तर एकूण किती जणांपर्यंत पोचू? वेबसाइट बघणारे सगळेच छापील अंकही वाचत असतील तर उत्तर ४० टक्के. दोन्हीकडचा एकही माणूस सामाईक नसेल तर ७०. एवढी मोठी दरी, आणि ती भरून काढायला हाताशी एकच आकडा, तो म्हणजे हा रकाना. त्यात २५ लिहिलं असेल तर एकूण रीच ४५. म्हणजे वेबसाइटवर खर्च केलेल्या पैशातून नवी माणसं मिळाली ती फक्त ५ टक्के, बाकीच्यांनी तीच जाहिरात पुन्हा पाहिली. पुन्हा दिसणं वाईट असं मी म्हणत नाही. नवीन माल बाजारात येतो तेव्हा फ्रिक्वेन्सी लागतेच. पण ती ठरवून, पैसे बाजूला काढून घ्यायची गोष्ट आहे. माझे बरेचसे क्लायंट लहान आहेत. एक जॅकेट (अंकाला बाहेरून गुंडाळलेली पानभर जाहिरात) परवडत नाही म्हणून अर्ध्या पानावर समाधान मानणारे. त्यांचा पैसा एकाच माणसावर दोनदा जाणार असेल तर रिलीज ऑर्डर (जाहिरात छापायला सांगणारं पत्र) निघायच्या आधी मला ते कळलं पाहिजे. हे सॉफ्टवेअर घेतलं ते त्यासाठीच.

सुरुवातीला मोठ्या वर्तमानपत्रांचे आकडे बघितले, पटण्यासारखे वाटले. मग एका जिल्हा आवृत्तीचा प्लॅन करताना डोळे थबकले. छापील २२ टक्के, ऑनलाइन १५ टक्के, दोन्हीकडचे ३.३ टक्के. २२ चे १५ टक्के काढा, ३.३ च येतात. शेजारची आवृत्ती लावली : १८ आणि १०, दोन्हीकडचे १.८. पुन्हा गुणाकार. आणखी आवृत्त्या, वेगळे वयोगट, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे असं करत गेले. जिल्ह्याच्या पातळीवर सगळीकडे दशांशापर्यंत गुणाकार जुळत होता. माणसांना विचारून किंवा त्यांचा वापर नोंदवून आलेला आकडा असा गुणाकाराला चिकटून बसत नाही, थोडा तरी इकडेतिकडे सरकतोच.

या गुणाकाराला आमच्या धंद्यात सेन्सबरीचं सूत्र म्हणतात. दोन रीचची बेरीज करायची आणि तीतून त्यांचा गुणाकार वजा करायचा. त्यामागचं गृहीतक असं, की एक वाचण्याचा आणि दुसरं वाचण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन वेगळ्या वर्तमानपत्रांसाठी, हाताशी दुसरं काही नसताना, ते चालवून घेता येतं. पण इथे दोन्हीकडे नाव एकच आहे. ज्याच्या घरी एक पेपर वर्षानुवर्षं येतो त्याच्या फोनमध्येही बहुधा त्याच पेपरचं अ‍ॅप असतं, तेव्हा सामाईक वाचक गुणाकारापेक्षा जास्त निघतात. उलट, फोनवर फुकट मिळतं म्हणून घरचा पेपर बंद केलेले जिथे पुष्कळ, तिथे ते कमी निघतात. वयोगटाप्रमाणे आणि गावाप्रमाणे पारडं कधी इकडे झुकतं, कधी तिकडे. कुठे किती, ते मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

सपोर्टला तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं. पहिलं उत्तर आलं, ‘आमचं मॉडेल प्रगत अल्गोरिदमवर चालतं.’ दुसऱ्या उत्तरात माहितीपुस्तिकेची लिंक, जी मी आधीच वाचली होती. तिसऱ्यात ‘कार्यपद्धती गोपनीय आहे’. मी लिहिलं, गोपनीय आहे ते राहू द्या, जिल्ह्यांच्या पातळीवर हा आकडा मोजलेला आहे की सूत्रातून काढलेला, एवढंच सांगा. यावर उत्तर न देता तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद केलं. मी पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. आकड्यांवर पोट भरणाऱ्या कंपनीने आकड्याबद्दलच्या साध्या प्रश्नाला असं टोलवावं याचा मला खरोखर संताप आला. नूतनीकरण करायचं नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं होतं.

इथपर्यंतचा मजकूर मी आधी लिहून ठेवला होता. त्यानंतर त्यांच्या संशोधन विभागातल्या एका संख्याशास्त्रज्ञ बाईंचा फोन आला आणि माझं मत निम्मं तरी बदललं. तिकिटांची साखळी त्यांच्या नजरेला पडली म्हणून त्यांनी आपणहून फोन केला होता. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. छापील वाचनासाठी ते घरोघरी मुलाखती घेतात. त्यातल्या ज्यांची तयारी असेल त्यांच्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर वापर नोंदवणारं अ‍ॅप टाकतात. म्हणजे एकाच माणसाचं पेपर वाचणंही माहीत आणि वेबसाइट बघणंही माहीत. मोठ्या वर्तमानपत्रांचे ‘दोन्हीकडचे वाचक’ या पॅनेलमधून मोजलेले असतात, मग वेबसाइटवरच्या टॅगमधून (भेटी मोजणाऱ्या कोडमधून) येणाऱ्या एकूण आकड्यांशी त्यांचा मेळ घालतात. जिल्हा आवृत्तीपाशी पॅनेलमधली माणसं इतकी थोडी उरतात की मोजणीला अर्थच राहत नाही, म्हणून तिथे सूत्र वापरतात. ‘तुम्हाला दिसलेला गुणाकार बरोबर आहे,’ असं त्या सरळ म्हणाल्या.

ही पद्धत उत्तम आहे आणि स्वस्त नाही, हे कबूल करायला हवं. ब्रिटनलाही तिथवर यायला वेळ लागला. त्यांचं राष्ट्रीय वाचक सर्वेक्षण १९५६ पासूनचं, मुलाखतींवर उभं असलेलं. २०१२ मध्ये त्यांनी त्याला कॉमस्कोअर या इंटरनेटचा वापर मोजणाऱ्या कंपनीचे ऑनलाइन आकडे जोडून एकत्रित वाचक द्यायला सुरुवात केली. पण ती होती फ्यूजन. एका सर्वेक्षणातला माणूस, दुसऱ्या पॅनेलमधला त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच माणूस, आणि दोघांना एक धरायचं. त्या सर्वेक्षणाच्या जागी २०१८ मध्ये आलेल्या पॅम्कोने मुलाखत दिलेल्यांमधूनच डिजिटल पॅनेल उभं केलं, कारण छापील आणि ऑनलाइनमधले सामाईक वाचक खऱ्या माणसांवरून मोजायचे होते. वर्षाला सुमारे ३५,००० मुलाखती घेऊन. आमच्या सॉफ्टवेअरचं मोठ्या वर्तमानपत्रांचं काम याच वाटेने चाललंय हे कळल्यावर त्या आकड्यांवर मी आता निर्धास्त प्लॅन करते.

तरी तक्रार उरतेच. मोजलेला आकडा आणि सूत्राचा आकडा स्क्रीनवर एकाच रंगात, एकाच जाडीत, एकाच रकान्यात दिसतात. सूत्राच्या आकड्यापुढे एक तारांकन टाका, एवढीच माझी मागणी आहे. ‘सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत बघू’ असं उत्तर मिळालं. नवी आवृत्ती आली. तीत स्क्रीनला गडद रंगाचा पर्याय आला, तारांकन आलं नाही.

बेसच्या बाबतीतही तेच. त्या आकड्यामागे किती माणसांची मुलाखत आहे, ते मुळात दिसत नाही. सेटिंगमध्ये आत जाऊन खूण करावी लागते. ती करा आणि कायमची ठेवा. लहान बेस काय गोंधळ घालतो ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. २०१४ च्या जानेवारीत आयआरएस (भारतातलं वाचक सर्वेक्षण) २०१३ चे आकडे आले तेव्हा नागपुरात साठ हजारांवर प्रमाणित खप असलेल्या ‘हितवाद’ला नागपुरातच एकही वाचक नव्हता. ‘हिंदू बिझनेसलाइन’चे वाचक चेन्नईपेक्षा मणिपूरमध्ये तिप्पट दिसत होते. मोठमोठ्या वृत्तपत्र समूहांनी एकत्र येऊन निषेध केला आणि त्या आकड्यांची फेरतपासणी झाली. पुढे आयआरएस २०१७ साठी सॅम्पल सव्वातीन लाख घरांच्या आसपास नेलं. म्हणून मी कुठल्याही लहान वर्तमानपत्रासाठी एक तपासणी करतेच : सॉफ्टवेअरमधले वाचक भागिले एबीसीचा (खप तपासून दाखला देणाऱ्या संस्थेचा) प्रमाणित खप. एका प्रतीमागे एकाहून कमी वाचक आला किंवा डझनभर आले, तर तो आकडा प्लॅनमध्ये घालत नाही.

त्याच सेटिंगमध्ये अचानक एक चांगली गोष्ट सापडली. ऑनलाइन वाचक ‘ब्राउझर’ की ‘व्यक्ती’ हे बदलता येतं. याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. वेबसाइटवाले ज्यांना युनिक युजर म्हणून पुढे करतात ते बहुतेक वेळा ब्राउझर असतात. एक माणूस फोनवर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये बातमी वाचतो, तो तीन ठिकाणी मोजला जातो. २०१९ पासून सफारी (आयफोनवरचा ब्राउझर) वेबसाइटच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी, म्हणजे वाचक ओळखायची खूण, सात दिवसांत पुसते, त्यामुळे आयफोनवर दहा-दहा दिवसांनी येणारा वाचक प्रत्येक वेळी नवा माणूस ठरतो. उलटंही होतं, घरात एकच फोन चौघांत फिरतो आणि चार वाचकांचा एक होतो. मी एका वेबसाइटचा ‘ब्राउझर’ आकडा ‘व्यक्ती’वर आणून पाहिला तर निम्म्याच्याही खाली आला. त्या वेबसाइटचे जाहिरात प्रतिनिधी मला पहिलाच आकडा सांगत आले होते. दरांची घासाघीस करताना हा एक पर्याय सगळं लायसन्स वसूल करून देतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी बदलून घ्या. सॉफ्टवेअर मुळात दोन्हीकडे ‘महिना’ लावून ठेवतं. छापील दैनिकाचा खरा धंदा ‘काल वाचला का’ या प्रश्नावर चालतो, सरासरी अंकाचे वाचक म्हणतात ते. महिन्यात कधीतरी हातात घेतलेलेही धरले की आकडा फुगतो. एका दिवसाच्या अर्ध्या पानासाठी महिन्याचा आकडा बघून पैसे मोजायचे नाहीत. ‘दिवस’ लावा. तेव्हा ऑनलाइनचा आकडाही जमिनीवर येतो आणि दोन्ही एका मापात बसतात.

माप म्हणावं तर पूर्ण एक कधीच होत नाही. ब्रिटनच्या सर्वेक्षणात किमान दोन मिनिटं वाचलं किंवा चाळलं तरच वाचक. ऑनलाइन डिस्प्ले जाहिरात ‘दिसली’ असं मानायला तिचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद स्क्रीनवर पुरतात. सॉफ्टवेअर या दोघांची बेरीज करतं आणि कुठेही तसं सांगत नाही. मी क्लायंटच्या सादरीकरणात ही ओळ स्वतः घालते.

जुन्या आकड्यांवरही लक्ष ठेवा. काही लहान आवृत्त्यांचे छापील वाचक बाहेरच्या सर्वेक्षणातून उचललेले आहेत आणि त्याची तारीख फक्त एक्सेलच्या शेवटच्या पानावर मिळते. आयआरएस २०१९ च्या चौथ्या तिमाहीनंतर वर्षानुवर्षं नवे आकडे आले नाहीत, आणि मध्ये २०२० ची टाळेबंदी येऊन गेली. तेव्हा घरी येणं बंद झालेले पेपर सगळेच पुन्हा सुरू झाले नाहीत. टाळेबंदीआधीचा छापील आकडा आणि गेल्या महिन्याचा ऑनलाइन आकडा एका बेरजेत घालायला माझा हात धजत नाही. ई-पेपर ऑनलाइनमध्ये धरलाय, ते ठीक. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या पीडीएफ कुठेच धरलेल्या नाहीत, आणि त्या धरायच्या तरी कशा हा प्रश्नच आहे.

ऑनलाइन वाचकांची जिल्हावार विभागणी मी बंदच ठेवते. ती आयपी पत्त्यावरून होते आणि मोबाइल नेटवर्कवरचा माणूस त्याच्या कंपनीचं केंद्र जिथे असेल त्या शहरात दिसतो.

तर नूतनीकरण करतेय, पण सगळ्या लायसन्सचं नाही. टीममधल्या प्रत्येकाला वेगळं लॉगिन लागतंच असं नाही. मोठ्या वर्तमानपत्रांचे प्लॅन एका ठिकाणी होऊ शकतात, तेवढंच एक ठेवलंय. जिल्हा आवृत्त्यांसाठी सूत्राचा आकडा हवा असेल तर तो एक्सेलमध्ये मला फुकट काढता येतो, त्याचे पैसे मी देणार नाही. करारात एक वाक्य घालायला सांगितलंय : कुठला आकडा मोजलेला आणि कुठला सूत्रातून आलेला, हे प्रत्येक एक्स्पोर्टमध्ये लिहिलेलं असेल. विक्री विभागाने ‘विचारून सांगतो’ म्हटलंय.

तुम्ही डेमो बघायला बसणार असाल तर त्यांनी निवडलेलं उदाहरण बघू नका. तुमच्या कामातल्या दोन-तीन जिल्हा आवृत्त्या लावायला सांगा, छापील आणि ऑनलाइनचा गुणाकार तिथेच करा, आणि रकान्यातल्या आकड्याशी ताडून बघा. जुळला, तर त्या आवृत्त्यांचे पैसे बिलातून वजा करून मागा.