कोळशाच्या पिशव्या, क्लाइंबिंगचे बूट आणि साताऱ्याचा पावसाळा

"उंदीर मेलाय का गं कपाटात?" सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कबूल केलं, उंदीर नाही, माझे क्लाइंबिंगचे बूट आहेत. बुटांची रवानगी जिन्याखाली झाली आणि त्याच रात्री मी बुटात ठेवायच्या कोळशाच्या पिशव्या मागवल्या. 349 रुपयांना चार. त्याला आता एक उन्हाळा आणि साताऱ्याचा एक अख्खा पावसाळा लोटलाय, म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव देत नाही, असल्या पिशव्या दहा नावांनी मिळतात.

हे बूट ज्यांनी कधी घातले नाहीत त्यांना कपाटाची दशा कळणार नाही. ते मोज्यांशिवाय घालायचे आणि पायाला घट्ट घ्यायचे, बोटं आत मुडपतील इतके. कातळावरच्या दोन बोटं रुंद खाचेवर उभं राहायचं तर पाय आत सरकून चालत नाही. म्हणजे सगळा घाम थेट अस्तरात. त्यात आमच्याकडची माती. यवतेश्वर-कासकडे जांभा आहे, तिथून नुसतं चालत आलं तरी तळव्यांना तांबडा थर बसतो, आणि पाय न पुसता बूट चढवले की तोही आत जातो.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करते, त्यामुळे एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही: ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो ॲसिड खातात आणि उग्र वासाचं आयसोव्हॅलेरिक ॲसिड तयार करतात. काष्ठौषधींच्या दुकानात तगरमुळाचा डबा उघडला की जो भपका येतो, त्यातही हेच ॲसिड असतं. (अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर वेगळी, तिच्यावर आळ नको.)

आता पिशव्या. पाकिटावर लिहिलंय, "दुर्गंधी मुळापासून नष्ट". हे खोटं आहे. कोळसा हवेतली वासाची वाफ आणि ओल धरतो, अस्तरात मुरलेला घाम नि मेलेली कातडी काही उचलत नाही. पहिला महिना मी बूट न धुता नुसत्या पिशव्या कोंबल्या. सकाळी नाक लावलं तर बरं वाटायचं. पाय घालून दहा मिनिटं चढलं, पाय तापले, की उंदीर परत जिवंत.

मग धुवायला घेतले. माझे दोन जोड आहेत. एक कृत्रिम कातड्याचा, त्याला मी बिनधास्त पाण्यात घालते. आधी वेल्क्रोचे पट्टे लावून टाकायचे, नाहीतर त्याचे आकडे धुताना अस्तराला ओरबाडतात. कोमट पाणी, म्हणजे बाळाला अंघोळ घालू तेवढंच. त्यात चमचाभर शॅम्पू आणि जुना टूथब्रश. वरून कितीही घासा, खरा मळ बोटांच्या खोबणीत आणि जिभेच्या शिवणीखाली असतो. तिथं ब्रश आडवा घालून घासायचं. पहिल्या पाण्याला गूळ विरघळल्यासारखा रंग आला. पाचव्या पाण्याला ते स्वच्छ निघालं. साबण आत राहू द्यायचा नाही, पुढच्या घामाला त्याचा बुळबुळीत फेस होतो. हे मी भर चढाईत शिकलेय, खाली दोर धरायला माणूस होता म्हणून हसू शकले.

पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं, आत रद्दी भरायची, तासाभराने ती बदलायची, आणि पंख्याखाली दोन दिवस. उन्हात मुळीच नाही. गेल्या एप्रिलमध्ये दुसरा जोड दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिला, तर टोकाजवळचं रबर गोंदापासून सुटून ओठासारखं उघडलं. धुण्याच्या मशीनचं गरम पाणी, हेअर ड्रायर, गिझरशेजारची खुंटी, सगळ्यांना तोच नियम.

हाच दुसरा जोड अस्सल कातड्याचा, आत अस्तर नाही. त्याला बुडवत नाही. एकदाच बुडवला होता, तेव्हा पांढरी बादली लाल झाली आणि बूट वाळून असा कडक झाला की चार चढायांनंतर कुठे पायाला ओळखू लागला. त्याला आतून फक्त ओला फडका आणि साबणाचं एक बोट.

धुऊन खडखडीत वाळवलेल्या बुटात मात्र या पिशव्या खरंच उपयोगी आहेत. चढून आलं की अर्धा तास बूट उघडे टाकायचे, मग एकेक पिशवी बोटांपर्यंत सरकवायची. मार्च ते मे असं चाललं आणि बूट परत कपाटात आले.

जूनमध्ये पंचाईत झाली. पाकिटावर सूचना आहे की महिन्यातून एकदा पिशव्या दोन तास उन्हात ठेवा. जून ते सप्टेंबर साताऱ्यात ऊन आणायचं कुठून? इथे चड्ड्या-बनियन तीन दिवस दोरीवर लोंबतात. लॅबच्या काट्यावर पिशवी ठेवून पाहिली: मेमध्ये 75 ग्रॅम होती, जुलैत 86. म्हणजे अकरा ग्रॅम पाणी पिऊन गच्च झालेली पिशवी मी इमानेइतबारे ओल्या बुटात ठेवत होते. आता पावसाळ्यात पिशव्या रात्रभर इन्व्हर्टरवर पडून असतात, तो छान कोमट असतो. सकाळी वजन 78 ग्रॅमवर येतं. चालतं.

दुसरी तक्रार शिवणीची. ऑगस्टमध्ये एक पिशवी कोपऱ्यात उसवली आणि काळा चुरा बुटाच्या टोकाशी गेला. तो कळला पाय बाहेर काढल्यावर, नखांसकट. बूट पुन्हा पाच पाणी.

बाकीचे उपाय लोकांनी सुचवले म्हणून करून पाहिले. खाण्याचा सोडा रात्रभर ठेवला तर वास कमी होतो, पण कातड्याला तो कोरडं करतो, आणि झटकला तरी शिवणीत उरतोच. दिरांनी फ्रीझरचा सल्ला दिला. थंडीने बरेचसे जीवाणू नुसते निजतात, मरत नाहीत, शिवाय आमच्या फ्रीजमध्ये कंदी पेढे असतात. सासूबाईंनी डांबराच्या गोळ्या आणून दिल्या, त्या मी मानाने घेतल्या आणि वापरल्या नाहीत. अनवाणी पायाला ते नको.

पाचपैकी तीन गुण. अर्धा गुण शिवणीचा कापलाय, दीड त्या "मुळापासून"चा. उसवलेली पिशवी सासूबाईंनी दुहेरी दोऱ्याने शिवून दिली, आणि बदल्यात चांगल्यातली एक त्यांच्या साड्यांच्या कपाटात ठेवून घेतली. ती आधी कुठे असायची ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.