पाथ की री_पाथ, सिलेक्ट की प्रीफेच: मराठी पत्त्यांच्या जँगो साइटसाठी

मुंबईच्या लोकल स्टेशनांची मराठी साइट करायची आहे आणि पत्त्यातही ‘दादर’, ‘कुर्ला’ असंच दिसायला हवं, असं धरू. पायथॉनमध्ये साइट बनवायच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये २.० पासून पत्ते लिहायला पाथ (साधा नमुना) आणि री_पाथ (रेगेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना सांगणारी चिन्हभाषा) हे दोन मार्ग आहेत. जुनं यूआरएल फंक्शन ४.० मध्ये गेलं, त्यामुळे जुना प्रोजेक्ट अपग्रेड करतानाही निवड करावीच लागते.

शक्यतो पाथ घ्या, पण कन्व्हर्टर (पत्त्याच्या तुकड्यात काय चालेल ते ठरवणारा भाग) जपून निवडा. स्लग कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर ओळखतो. ‘दादर’ टाकलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. मग बरेच जण री_पाथमध्ये ‘\डब्ल्यू+’ (‘कितीही अक्षरं’ असा नमुना) लिहितात. तेही फसतं, कारण पायथॉनचं रेगेक्स काना, मात्रा, उकार, हलन्त यांना अक्षर मानत नाही. स्लगिफाय (नावावरून पत्त्याचा तुकडा बनवणारं फंक्शन) तर अलाऊ_युनिकोड (इंग्रजीबाहेरची अक्षरं ठेवायचा पर्याय) चालू असूनही ही चिन्हं गाळतो आणि ‘कुर्ला’चं ‘करल’ होतं. आपल्या गावाचं नाव असं मोडून डेटाबेसात जाऊ देऊ नका. साधं कॅरफील्ड (मजकुराचा रकाना) घ्या, युनिक ठेवा (एक नाव एकदाच), शब्दांमधल्या जागी हायफन घाला आणि पत्त्यात ‘/’ सोडून काहीही चालवणारा स्ट्र कन्व्हर्टर लावा.

री_पाथ ठरलेल्या नमुन्यासाठी बरा: ४०० ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड, उदाहरणार्थ. सुरुवातीचं ^ आणि शेवटचं $ विसरलात तर भलतेच पत्ते जुळतात. शिवाय ‘\डी’ला (‘कोणताही आकडा’ या नमुन्याला) ‘१२’ आणि इंग्रजी बारा दोन्ही चालतात, म्हणजे एकाच पानाचे दोन पत्ते. त्यापेक्षा [0-9] असा आकड्यांचा कंस स्वतः लिहा.

आता सिलेक्ट की प्रीफेच: क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, निवड टेबलांमधल्या नात्यावरून होते. प्रत्येक फलाटाला एकच स्टेशन, म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या एका नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना). ५० फलाटांच्या यादीत स्टेशनचं नाव छापलं की ५१ क्वेरी: यादीची एक आणि दर फलाटामागे एक. सिलेक्ट_रिलेटेड दोन्ही टेबलं डेटाबेसातच जॉइन करून (जोडून) एकीत भागवतो. दादर मात्र पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवर आहे. अशा मेनी-टू-मेनी (दोन्हीकडून अनेक) नात्याला प्रीफेच_रिलेटेड लागतो: दोन क्वेरी, जोडणी पायथॉनमध्ये.

इथे एक चूक फार होते. प्रीफेच करून लूपमध्ये पुन्हा फिल्टर लावला की आधी आणलेला डेटा वाया जातो आणि दर स्टेशनमागे नवी क्वेरी सुटते. फिल्टर प्रीफेच ऑब्जेक्टच्या क्वेरीसेटमध्येच द्या, टू_ॲट्रने त्या गाळलेल्या यादीला वेगळं नाव ठेवा आणि टेस्टमध्ये असर्टनमक्वेरीजला (क्वेरी मोजणाऱ्या तपासणीला) २ सांगून ठेवा. कुणी टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) नवं नातं ओढलं की क्वेरी वाढून टेस्टच फेल होईल.