तपकीर गल्लीतला साडेआठशेचा पंच

आधी भांडण सांगते, मग वस्तू.

नवी पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत तीन मुलं कॉट बेसिसवर राहतात. तिघंही एमपीएससीवाली. वर वेगळा मीटर नाही, म्हणून बिल अर्धं अर्धं. नोव्हेंबरपर्यंत गोडीगुलाबीत चाललं होतं. डिसेंबरचं बिल आलं ३४१ युनिटांचं. तीनशे ओलांडले की वरच्या युनिटांचा दर चांगलाच चढतो, हे बिल भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुमचे लॅपटॉप आणि रात्रभर जळणारे दिवे. त्यांच्यातला बोलका म्हणाला, "काकू, तुमचा फ्रीज आमच्याच वयाचा आहे."

फ्रीज २००४ सालचा. राग आला, कारण मुद्दा खरा होता.

मी ३१ वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. 'हजार वॅटचं उपकरण एक तास चालवलं की एक युनिट' हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. पण घरातलं कोण किती खातं, हे कधी मोजलं नव्हतं. म्हणून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पहिल्या दुकानात मल्टिमीटर दाखवला, दुसऱ्यात भिंतीवरचा सबमीटर. चौथ्या दुकानातल्या पोऱ्याला नेमकं कळलं. सॉकेट आणि उपकरण यांच्या मध्ये खोचायचा पॉवर मीटर. ८५० रुपये. "आजी, वॉरंटी नाही, पण इथंच चालवून दाखवतो," म्हणत त्यानं एक बल्ब लावला आणि पडद्यावर ९ वॅट उमटले. घेतला.

वस्तू साधी. मूठभर आकाराचा पांढरा डबा, मागे जाड १६ अँपिअरची पिन, पुढे सॉकेट आणि छोटा पडदा. व्होल्ट, अँपिअर, वॅट, साठत जाणारे युनिट आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे, दाखवतो. सोबतचं माहितीपत्रक चिनी भाषेत, ते मी औषधाच्या डब्यात घडी करून ठेवलंय, का ते विचारू नका.

पहिल्या संध्याकाळी मी नुसती फ्रिक्वेन्सी बघत बसले. ५०.०३, मग ४९.९७, मग पुन्हा ५०.०१. आकडा श्वास घेतल्यासारखा हलतो. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठोका. मागणी वाढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात, आकडा उतरतो. मग कुठेतरी वाफ वाढवतात, कुठे पाणी सोडतात. कोळशाच्या संचाला वेग घ्यायला वेळ लागतो, पाण्याचा संच काही मिनिटांत जोर धरतो, म्हणून संध्याकाळच्या गर्दीला कोयनेसारखं धरण कामी येतं. हे सगळं माझ्या ओट्याशेजारच्या सॉकेटमध्ये दिसत होतं. पोळ्या त्या दिवशी उशिरा झाल्या.

मुलं खाली आली तेव्हा मी कोयना म्हटलं मात्र, बोलका सुरू झाला, "१९६० मेगावॅट, पाणी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा ६७.५ टीएमसी." पाठ छान आहे. मी विचारलं, मग एका युनिटला पाणी किती लागतं रे? तिघंही गप्प. मग वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. पाणी पाचशे मीटर खाली पडलं आणि वाटेत थोडं वाया गेलं असं धरलं, तर एका युनिटला साडेआठशे लिटरच्या आसपास. आता आपली गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. ती दहा मीटरांवरून सबंध रिकामी केली आणि थेंबही वाया जाऊ दिला नाही, तरी नऊ वॅटचा एलईडी बल्ब तीन तास चालेल. बस. मुलांनी टाकीकडे वर बघितलं ते मला आवडलं.

आता निकाल. मोबाइलचे चार्जर किरकोळ निघाले. मी इतके दिवस त्यांच्यावर ओरडत होते, ते शब्द मागे घेते. टेबल फॅन ५२ वॅट. सेट-टॉप बॉक्स चालू असताना ११ आणि रिमोटनं 'बंद' केल्यावर १०. म्हणजे आम्ही झोपलो तरी हे महाशय जागेच, महिन्याला सात युनिट. आता बटणच बंद करते.

मुलांकडे पाणी तापवायचा रॉड सापडला. दीड हजार वॅटचा. पलंगाखाली बादलीत, एक्स्टेन्शन बोर्डवरून, सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटला. दीड हजार वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. वायरीला हात लावला तर कोमट. एका बादलीला ०.४ युनिट, तिघांच्या तीन बादल्या, महिन्याला ३६ च्या घरात. पैशांचं सोडा, त्या वायरीनं माझी झोप उडवली. रॉड जप्त. आंघोळ खालच्या गीझरवर, पाळीपाळीनं.

इथवर मी जिंकत होते.

फ्रीजला मीटर चोवीस तास लावून ठेवावा लागतो, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. पाच मिनिटांचा आकडा बघून मत बनवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा होता २.६ युनिट. एका दिवसाचे! १६५ लिटरच्या, एका दरवाज्याच्या फ्रीजला. महिन्याला ७८ युनिट, मुलांच्या रॉडच्या दुपटीहून जास्त. बोलका काही बोलला नाही, नुसता चहा ओतून घेतला. ते जास्त लागलं.

दरवाज्यात दहाची नोट धरून दार लावलं, नोट अलगद सुटून हातात आली. म्हणजे रबर गेलेलं. मेकॅनिकनं ४५० रुपयांत नवं बसवलं, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. पुन्हा मोजलं, १.४. म्हणजे रोज १.२ युनिट त्या चिरेतून गळत होते. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे पाऊण किलो कोळसा रोज जात होता, तोही कोथिंबीर नीट टिकत नसताना.

मीटरचे दोष आहेतच. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे ओट्याखालच्या सॉकेटमध्ये वाचायला टॉर्च लागतो. जाड पिन खोलीतल्या छोट्या सॉकेटमध्ये बसत नाही, कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागला. एक-दोन वॅटच्या खालचं त्याला धड दिसत नाही, शून्यच दाखवतो. आणि भिंतीत थेट जोडलेलं काहीच मोजता येत नाही. पंखे, पंप, ट्यूब सगळे सुटले.

त्याला तोड मी शोधली, ती फुकट देते. जिन्याखालच्या मुख्य मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. आमच्यावर बारीक अक्षरात छापलंय, एका युनिटला ३२०० लुकलुक. तुमच्यावर आकडा वेगळा असू शकतो, आधी बघून घ्या. घरातलं सगळं बंद करून फक्त छताचा पंखा लावला आणि घड्याळ घेऊन उभी राहिले. दर पंधरा सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे ७५ वॅट. शेजारच्या वहिनींनी विचारलं, लाइट गेलेत का? म्हटलं, नाही, मोजतेय.

फेब्रुवारीचं बिल २८८ आलं. महिना लहान आणि थंडीही ओसरलेली, ते कबूल. पण डिसेंबरच्या बिलातले फ्रीजचे ३६ युनिट मी मुलांच्या हिश्श्यातून वजा केले आणि वहीत तसं लिहून सही दिली. मीटरला पाचपैकी चार. एक कापला त्या पडद्याच्या दिव्यासाठी. सध्या तो वहिनींकडे आहे, त्यांच्या घरघंटीला लावलाय. आज अकरावा दिवस.