हुडॉक: रेंडिशनचे निकाल मुळातून वाचायचे असतील तर

संशयिताला कुठल्याही न्यायाधीशापुढे उभं न करता परस्पर उचलायचं आणि दुसऱ्या देशाच्या हवाली करायचं, म्हणजे रेंडिशन. त्यात आपल्याच सरकारचा हात असल्याची तक्रार न्यायालयाने ऐकावी का? ऐकावी. ज्यांना शंका आहे त्यांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा हुडॉक हा ऑनलाइन निकालसंग्रह उघडावा. तो मोफत आहे, नोंदणीही लागत नाही.

सुरुवात ‘एल-मस्री विरुद्ध मॅसिडोनिया’पासून करा. शोध नावाने घेऊ नका, कारण अरबी नावांची स्पेलिंगं बदलतात. सीआयएने पोलंडमध्ये गुप्तपणे डांबलेल्या अबू झुबैदाहचा पोलंडविरुद्धचा खटला तर ‘हुसैन’ नावाखाली आहे. एल-मस्रींच्या खटल्यासाठी अर्ज क्रमांकाच्या रकान्यात ३९६३०/०९ टाका. नुसता ‘रेंडिशन’ शब्द टाकलात तर ज्या निकालांत तो ओझरता आलाय, तेही पुढ्यात येऊन पडतात.

एल-मस्री जर्मन नागरिक. मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये इथल्या हॉटेलात २३ दिवस डांबून जानेवारी २००४ मध्ये त्यांना विमानतळावर सीआयएच्या ताब्यात दिलं गेलं, तिथून अफगाणिस्तानात नेलं. अमेरिकी न्यायालयांनी सरकारी गुपिताचं कारण पुढे करून त्यांचा दावा फेटाळला. अशा गोष्टी कोर्टात सिद्ध कशा होणार, असं विचारणाऱ्यांनी या निकालातला पुराव्यांचा भाग सावकाश वाचावा. त्यांना नेणाऱ्या एन३१३पी या विमानाच्या उड्डाणनोंदी आणि एल-मस्रींच्या केसांची शास्त्रीय तपासणी त्यांच्या जबानीशी जुळली. मॅसिडोनिया सरकार मात्र शेवटपर्यंत सगळं नाकारत राहिलं. १३ डिसेंबर २०१२ रोजी १७ न्यायाधीशांनी एकमताने त्याला दोषी धरलं आणि ६०,००० युरो भरपाई दिली. परिच्छेद १९१ चुकवू नका: काय घडलं हे जाणण्याचा हक्क जनतेलाही आहे, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.

उणिवाही आहेत. निकाल मुख्यतः इंग्रजी-फ्रेंचमध्ये आणि लांबलचक. सरकारने पुढे निकाल पाळला का, हे इथे नीट कळत नाही. त्यासाठी हुडॉक-एक्झेक हा वेगळा संग्रह पाहावा लागतो. देशोदेशींच्या न्यायालयांचे निकालही नाहीत. ब्रिटनच्या मदतीने लिबियाच्या हवाली केल्याची तक्रार करणाऱ्या बेलहाज दांपत्याचा, माजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांच्याविरुद्धचा ‘बेलहाज विरुद्ध स्ट्रॉ’ हा ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हवा असेल तर बेली (BAILII) या ब्रिटिश संग्रहात २०१७ यूकेएससी ३ ([2017] UKSC 3) असा शोध घ्या. परक्या राष्ट्राच्या कृत्यांवर ब्रिटिश न्यायालयाने बोलू नये, हा सरकारचा युक्तिवाद सात न्यायाधीशांनी का फेटाळला, ते तिथे सविस्तर सापडेल. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, ब्रिटिश सरकारने बेलहाज दांपत्याची माफी मागितली.