ट्रानेक्झॅमिक ॲसिड: शिरेतून की गोळीने?

खुब्याचा सांधा बदलताना रक्तस्राव आटोक्यात ठेवायला हे औषध सर्रास वापरतात. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ते जगासमोर आणलं. ते नवी गुठळी बनवत नाही, बनलेली विरघळू देत नाही.

शिरेतून दिलं की परिणाम लगेच: चीर देण्याआधी साधारण १ ग्रॅम, बस्स. गोळ्या मात्र सुमारे २ तास आधी, आणि डोसही जवळपास दुप्पट, कारण पोटातून निम्म्याहून कमीच औषध रक्तात पोचतं. ऑपरेशनची वेळ पुढे ढकलली गेली (आणि ती जातेच!) तर गणित बिघडतं. तरी रक्त वाचवण्यात दोन्ही जवळपास सारखीच ठरली आहेत, वर गोळी स्वस्त. वेळापत्रक पक्कं असेल तर माझं मत गोळीला. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्हींचा डोस कमी करावा लागतो.