शिवालिक : दूरच्या सागराला पुरणारी, पण एका हातावर लढणारी फ्रिगेट

माझगाव डॉकने मुंबईत बांधलेल्या एकाच वर्गातल्या तीन फ्रिगेटपैकी (मध्यम आकाराच्या युद्धनौकांपैकी) पहिली, ‘शिवालिक’, 29 एप्रिल 2010 रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत नौदलात दाखल झाली. ‘सातपुडा’ 2011 मध्ये आणि ‘सह्याद्री’ 2012 मध्ये तिच्यामागून आल्या. पहिल्या नौकेची कील, म्हणजे तळाचा कणा, 2001 मध्ये घातली गेली होती. एका फ्रिगेटला जवळपास 9 वर्षे लागावीत हे कोणत्याही गोदीला भूषणावह नाही. पण सगळा दोष माझगावच्या माथी मारता येणार नाही. सुरुवातीला रशियाकडून येणारे विशेष पोलाद रखडले, आणि नौका तयार होत आली असताना 2009 मध्ये अमेरिकी सरकारने जनरल इलेक्ट्रिकला तिच्या गॅस टर्बाइनवरचे काम काही काळ थांबवायला लावले.

आराखडा नौदलाच्या स्वतःच्या रचना विभागाचा आहे. रशियात बांधलेल्या ‘तलवार’ वर्गाची मांडणी डोळ्यांसमोर ठेवून तो केला असला, तरी तलवार सुमारे 125 मीटर लांब आणि 4,000 टनांची, तर शिवालिक सुमारे 142 मीटर लांब आणि पूर्ण भारासह 6,200 टनांची आहे. वाढलेल्या आकाराचा उपयोगही नीट केला आहे, कारण तलवारवर एक हेलिकॉप्टर मावते, तर इथे दोन. साध्या प्रवासासाठी दोन पिलस्टिक डिझेल इंजिने आणि वेगासाठी दोन एलएम-2500 गॅस टर्बाइन आहेत. दोन्ही एकाच वेळी जोडली जात नाहीत. डिझेलवर 22 नॉट आणि टर्बाइनवर 32 नॉट, म्हणजे ताशी 59 किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. लांबच्या मोहिमांना ही व्यवस्था अगदी योग्य आहे.

‘स्टेल्थ’, म्हणजे शत्रूच्या नजरेतून निसटणारी, या बिरुदाबद्दल मात्र हात राखून बोललेले बरे. बाजू तिरप्या आहेत, धुराड्यातून निघणारी उष्णता कमी करण्याची सोय आहे. पण वरच्या डेकवर फिरती रडारे, पाणबुडीविरोधी रॉकेटचे लाँचर आणि क्षेपणास्त्रांचा लाँचर उघड्यावर आहेत. रडारपासून लपण्याचे काम त्यामुळे अर्धेच साधले आहे.

माझा खरा आक्षेप त्या शेवटच्या वस्तूवर आहे. पुढच्या 76 मिलिमीटर तोफेच्या मागे श्टिल या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा एकच हात असलेला लाँचर उभा आहे. हात सरळ उभा होतो, डेकखालच्या कोठ्यातून क्षेपणास्त्र त्यावर चढते, हात लक्ष्याकडे वळतो, क्षेपणास्त्र सुटते आणि पुढच्यासाठी तो पुन्हा उभा राहतो. या एका फेरीला सुमारे 12 सेकंद लागतात. समुद्रालगत उडत येणाऱ्या क्षेपणास्त्रांचा थवा अंगावर आला, तर हे 12 सेकंद फार महागात पडतील. आणि तो हातच अडकला, तर कोठ्यातली उरलेली सगळी क्षेपणास्त्रे निकामी ठरतात. सोबतीला 32 बराक-1 ही हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रे आहेत, ती उभ्या नळ्यांतून लगेच सुटतात, पण त्यांचा पल्ला तोकडा आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबईतच दाखल झालेल्या ‘नीलगिरी’ या नव्या वर्गाच्या पहिल्या फ्रिगेटवर हा हात नाही, तिथे लांब पल्ल्याच्या बराक-8 साठी 32 उभ्या नळ्या आहेत. आराखडाकारांना ही उणीव जाणवली असणार, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

सेवेच्या बाबतीत मात्र या नौकांना नावे ठेवायला जागा नाही. एप्रिल 2014 मध्ये शिवालिक चीनच्या चिंगदाओ बंदरात गेली होती. हवाईजवळ होणाऱ्या रिमपॅक या बहुराष्ट्रीय नौदल सरावाला 2014 आणि 2018 मध्ये सह्याद्री, 2016 आणि 2022 मध्ये सातपुडा आणि 2024 मध्ये शिवालिक गेली. म्हणजे त्या दशकात भारताने तिथे पाठवलेली प्रत्येक फ्रिगेट याच वर्गातली. 2022 च्या सरावानंतर सातपुडा तशीच पुढे सॅन डिएगोला गेली आणि 15 ऑगस्टला तिच्यावर तिथे तिरंगा फडकला. विशाखापट्टणमहून निघून प्रशांत महासागर ओलांडणे हे लहान चणीच्या नौकेचे काम नव्हे.

या नौकांच्या मोठ्या आधुनिकीकरणाची वेळ येईल तेव्हा रडारांआधी तो एक हात बदलावा, असे माझे मत आहे. त्यासाठी डेकखालचा कोठा उघडून पुन्हा बांधावा लागेल आणि प्रत्येक नौका बराच काळ गोदीत अडकेल, पण नीलगिरीच्या भगिनी ताफ्यात येत असताना तेवढी गैरसोय नौदलाला सोसता येईल.